धाप उतरल्याशिवाय पाणी नाही

२७ मार्च २०००, सोमवार. कळमनुरी

बैलांची वही मी वीस वर्षं लिहिली. कोणत्या जोडीला काय चारलं, किती पळवलं, कोणती किती सेकंदांत गेली, सगळं. आजपासून माणसांची वही सुरू. हट्टा गावाहून निघताना आमच्या चतुराबाईंनी विचारलंच, "बैल इकले, आन आता म्हातारपणी सायकली हाकायला निघालात व्हय?" हाकायला नाही, शिकवायला, असं म्हणून मी एस.टी.त बसलो. बायकोला प्रत्येक गोष्ट समजावत बसलं तर माणसानं घराबाहेर पडूच नये.

माणिकराव हे हिंगोलीच्या मोंढ्यातले हळदीचे अडते. हल्ली ते पुड्यांतली हळद विकतात, आणि तिचं नाव गावोगाव व्हावं म्हणून त्यांनी सायकलपटूंचा पगारी संघ काढला आहे. पिवळे सदरे, पाठीवर हळदीचं नाव. एक मेला हिंगोली जिल्हा होऊन वर्ष भरतं. त्या दिवशी हिंगोली ते नांदेड अशी नव्वद किलोमीटरची शर्यत आहे आणि तिथून यांचा हंगाम सुरू. बैलांच्या शंकरपटात माझी जोडी सलग चार वर्षं पहिली आली ती माणिकरावांनी उभं राहून पाहिलेली. म्हणाले, "वस्ताद, ज्याला चार पायाचं कळते त्याला दोन चाकाचं काहून कळणार न्हाई?" मला ते पटलं.

शिबिर त्यांच्याच गोदामात आहे, गावाबाहेर नांदेड रस्त्याला. उशीपासून वरणापर्यंत सगळ्याला हळदीचा वास. गडी तीन. शिवशंकर वसमतकडच्या बागाईतदाराचा मुलगा, सायकल सगळ्यांत महागाची आणि अंग सगळ्यांत मऊ. सुदाम हिंगोलीचा, नांदेडच्या एका क्लबात दोन वर्षं काढलेला, त्यामुळे त्याला सगळं येतं असं त्याला वाटतं. तिसरा देविदास, इथून दोन कोसांवरच्या तांड्यावरचा. बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न झालेला, एक मुलगी. दिवाळीपासून ऊसतोडीला जातो आणि उरलेले महिने सायकलला दुधाचे कॅन बांधून हिंगोलीला दूध घालतो. मी त्याच्या पिंढऱ्या दाबून पाहिल्या, मग पाठीवर थाप मारली. जनावर पारखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. गोदामातल्या हळदीच्या काट्यावर तिघांचीही वजनं केली. देविदास अठ्ठावन्न भरला.

सायकलींना पाण्याच्या बाटल्या अडकवायचे पिंजरे होते. ते पान्यानं सोडून काढले. संध्याकाळी तिघांना समोर बसवून पहिला नियम सांगितला: धाप उतरल्याशिवाय पाणी नाही. धापत्या जनावराला पाणी पाजलं की त्याच्या छातीत भरतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फार तर चूळ भरा आणि थुंका.

सुदाम लगेच म्हणाला, "वस्ताद, नांदेडात तर पंधरा पंधरा मिनिटाला पाजत व्हते."

"मग पहिला नंबर किती वेळा आणला नांदेडातून?"

सुदामनं तोंड वाकडं केलं. देविदास मात्र मान हलवत होता. "बराबर हाय वस्तादाचं. माजा आजा लदेणीचे बैल हाकायचा, मिठाची गोणी वाहायचे बैल. त्यो बी धापंत पानी दावत नव्हता जनावराला."

दोन वेगळ्या जातींच्या दोन म्हाताऱ्यांचा अनुभव एकच निघाला. मला बरं वाटलं.

३० मार्च

हिंगोली, तिथून वळून कळमनुरी, पुन्हा हिंगोली, पुन्हा कळमनुरी. मी राजदूत मोटरसायकलवरून मागं. नऊलाच ऊन चावायला लागलं. रस्त्यात एका ठिकाणी लोकांनी करडई पसरलेली, गाड्यांच्या चाकांनी मळून निघावी म्हणून. शिवशंकर तिच्यावर घसरला आणि कोपर सोललं. मालकीण बाई धावत आली ती करडई विस्कटली म्हणून शिव्या द्यायला.

परतल्यावर तिघांना भिंतीला टेकवून बसवलं. प्रत्येकाच्या बरगडीवर हात ठेवून धाप पाहिली. बैलाच्या कुशीवर ठेवतो तसाच. सुदामची दहा मिनिटांत उतरली, देविदासची पंधरा. मग तांब्या दिला. देविदास पाणी पिताना डोळे मिटतो.

सगळ्यांत जोरात तोच पळाला, हे लिहायला हवं. मी विचारलं, "एवढा जीव तोडून काहून पळून राहिला रे पहिल्याच आठवड्यात?"

म्हणाला, "मालकानं सबूद दिलाय. एक मेला पहिल्या तिघात आलो तर गोदामात कायमचा ठेवून घेतेत. मंग शिलाला फडात न्यायची गरज न्हाई. मागल्या साली पाचटात पोरगी साप डसता डसता वाचली, वस्ताद. आता कोयता टेकवायचा."

मला अशीच माणसं आवडतात. ज्याला कशाची तरी भूक आहे त्याला चाबूक लागत नाही.

५ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी कडुलिंबाचा पाला आणि गूळ. गोदामाच्या दारावर नर्मदाबाईंनी गुढी उभी केली. नर्मदाबाई आमचा स्वयंपाक करतात, गावातल्याच, विधवा. हाताला चव आहे पण तोंड फार.

दुपारी देविदासची बायको शिला आणि आई पारुबाई तांड्यावरून आल्या. पुरणपोळ्या आणल्या होत्या. पारुबाईच्या हातांत कोपरापर्यंत जुने पांढरे चुडे, अंगावर आरशांची कांचोळी. ती लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. देविदास म्हणाला, "याडी, ह्ये माजे वस्ताद." तिनं पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले.

शिला धीट आहे. "मामा, हे लई वाळले हो. पोटभर खातेत का न्हाई?"

"अंगातलं पाणी आटवल्याशिवाय कस निघत नाही बाई," मी म्हणालो. "महिनाभरानं बघ."

"तुमच्या हवाली केलंय," ती म्हणाली. जाताना मुलीला देविदासच्या सायकलीच्या दांडीवर बसवून एक चक्कर मारायला लावली. सणाचा दिवस चांगला गेला.

९ एप्रिल

ऊन वाढलं. हिंगोलीच्या डेपोत एक कंडक्टर पारा बेचाळीसला गेल्याच्या गोष्टी करत होता. मी सराव आठऐवजी दहाला सुरू केला. शर्यत मेच्या उन्हात आहे, सकाळच्या गारव्यात पळवून काय उपयोग?

देविदासच्या मांड्यांत गोळे आले. सायकलवरून खाली उतरताच आडवा झाला, पाय ताठ. मी आणि सुदामनं चोळले. औषधाच्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. बैलाला चोळून, शेकून भागतं, पण माणसाला गोळी घेतल्याशिवाय समाधान नसतं.

सुदाम म्हणाला, "मीठ-साखरेचं पानी देऊन पाहा वस्ताद." मी म्हणालो, "जुलाब लागलेत का त्याला?" सगळे हसले. देविदासही हसला, दुखतच होतं तरी.

१३ एप्रिल

आज कळमनुरी ते नांदेडच्या वेशीपर्यंत आणि परत. देविदासनं शेवटचे वीस किलोमीटर एकट्यानं ओढले. घड्याळ दोनदा पाहिलं, माझा विश्वास बसेना. माणिकरावांना गावातून फोन केला. ते म्हणाले, "वस्ताद, हा आपला हुकमाचा एक्का."

संध्याकाळी देविदास मला बाजूला घेऊन म्हणाला, "वस्ताद, सांगायची लाज वाटते. लघवीला काळं जाऊन राहिलं. चहासारखं."

मी विचारलं, आग होते का? नाही म्हणाला. कंबर भरून आल्यासारखी वाटते एवढंच. म्हणजे उन्हाळी. अंगातली जुनी उष्णता बाहेर पडून राहिली, चांगलंच आहे. नर्मदाबाईंकडून धन्याचं पाणी करून घेतलं, एक पेला. पट्टीच्या बैलालाही पहिल्या पंधरवड्यात असं होतं, मग तो असा सुटतो की हाकणाऱ्या धुरकऱ्याला कासरा आवरत नाही.

१४ एप्रिल

विश्रांती. देविदास दिवसभर झोपला. भाकरी नको म्हणाला.

१८ एप्रिल, हनुमान जयंती

आज फार मनस्ताप झाला.

डोंगरकडा गावाच्या पुढं सुदाम मागं पडला. मी राजदूत वळवून बघतो तर गडी एका वस्तीवरच्या हापशाला तोंड लावून उभा. बाईमाणूस हापसतंय आणि हा पितोय, डोक्यावर घेतोय. मी तिथंच त्याची सायकल धरली.

"माझा नियम काय आहे?"

"नियम तुमचा हाय, जीव माजा हाय," तो म्हणाला. "वस्ताद, खरं सांगू का, मी रोजच पेतो. कधी हापशावर, कधी कॅनॉलवर. म्हनून उभा हाव. देविदास पेत न्हाई. त्याच्याकडं बघा जरा."

चोर तो चोर वर शिरजोर. मी त्याला गोदामावर आणून त्याची पिशवी हातात दिली. जाताना तो देविदासपाशी बसला, हळू आवाजात काहीतरी बोलला. देविदास मान हलवत राहिला. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "चल म्हणत व्हता. मी म्हटलं, मला वस्तादानं इथपर्यंत आणलं, मला पुढं जायचंय."

हे ऐकून मला भरून आलं. स्वतःच्या मुलानं असा विश्वास टाकला नाही माझ्यावर. तो पुण्याला कंपनीत आहे आणि बैलांचा वास येतो म्हणून गावी येत नाही.

मारुतीच्या देवळातून आणलेला नारळ फोडून देविदासला पहिला तुकडा दिला. त्यानं हातात धरून ठेवला, नंतर नर्मदाबाईंच्या मांजराला टाकला. मी पाहिलं.

२२ एप्रिल

आनंदाची बातमी. देविदासचं अंग भरायला लागलं. आज काट्यावर उभा केला, बासष्ट! खाणं चिमणीएवढं, तरी चार किलो वाढला. गाल वर आले, डोळ्यांखाली मांस धरलं, पायाला बोट लावलं तर खळी पडते इतका मऊसर. महिनाभर आटवलं की शेवटच्या आठवड्यात अंग असंच घेतं, हे मी शिलाला पाडव्याला सांगितलंच होतं.

नर्मदाबाईंना मात्र कौतुक बघवत नाही. परात आपटत म्हणाल्या, "तातेराव, पोरगं भरलं न्हाई, सुजलंय. सकाळी डोळे उघडत न्हाईत त्याचे. माज्या नणंदेचं बाळंतपणात असंच झालतं."

"मग याचंही बाळंतपण करा," मी म्हणालो. बायकांना गडी जरा गुबगुबीत दिसला की सूज वाटते आणि वाळला की उपाशी वाटतो.

पळणं मंदावलंय हे खरं. आज शिवशंकरच्याही मागं राहिला. पण पट जवळ आला की शहाणा बैल अंग राखतो. त्याला कळतं कधी सुटायचं ते.

२३ एप्रिल

शिवशंकरनं विचारलं, देविदास रात्री उठून बसतो, आडवं पडलं की श्वास कोंडतो म्हणतो, त्याला दवाखान्यात दाखवायचं का? मी म्हणालो, शर्यतीची धास्ती आहे, दुसरं काही नाही. मलाही पटाच्या आधी झोप यायची नाही.

लिहिताना जरा शंका आली. पण शंकेनं हात आखडला की जनावर बिघडतं. आठ दिवस राहिले.

२५ एप्रिल

नीट लिहायचं म्हणून सगळं लिहितो.

फक्त साठ किलोमीटर दिले. देविदास शिवशंकरनंतर तासाभरानं परतला, शेवटचा भाग सायकल ढकलत. भिंतीला टेकून बसला. ओठ फुटलेले, श्वास वरवर. तांब्याकडं बघत होता. म्हणाला, "वस्ताद, उतरली का?"

बरगडीवर हात ठेवला. नव्हती उतरली. म्हणालो, थांब जरा.

पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. तो अधूनमधून माझ्याकडं बघायचा, मी हात ठेवायचो आणि मान हलवायचो. नर्मदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी त्यांना अडवलं. म्हणाल्या, "अवो, त्याचं त्वांड तरी वलं करू द्या." मी म्हणालो, धापेत पाणी गेलं तर छातीत भरेल, पाप तुम्हाला लागेल. त्यांनी तांब्या ओट्यावर आदळला आणि आत निघून गेल्या.

तासाभरानं देविदास म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वस्ताद. आता तहान बी न्हाई लागून राहिली." आणि तिथंच कलंडला. मी त्याच्या उशाला बसलो, टॉवेलनं वारा घातला. संध्याकाळपर्यंत धाप तशीच होती. असं मी कोणत्याच बैलात पाहिलं नाही. सकाळपासून लघवीलाही गेला नाही म्हणाला, म्हणजे घामात सगळं गेलं असणार.

उद्या पूर्ण विश्रांती देतो.

२६ एप्रिल. नांदेड

सकाळी उठवायला गेलो तर ओकारी झालेली, डोळे वर लागलेले, मी कोण ते ओळखेना. शिवशंकर मोटरसायकलवर माणिकरावांकडं धावला. जीप येईपर्यंत नर्मदाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रस्ता तोच, ज्यावर त्यानं त्या दिवशी वीस किलोमीटर एकट्यानं ओढले.

मोठ्या दवाखान्यात मंजुषा नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयानं माझ्या मुलीसारख्या. तपासून, रक्त काढून त्या बाहेर आल्या. दोन्ही मूत्रपिंडं बंद पडलीत. छातीत पाणी भरलंय.

छातीत पाणी भरलंय, हे ऐकून मला काय वाटलं ते लिहितो, कारण इथं खोटं लिहून उपयोग नाही. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो, कुणीतरी याला धापेत पाणी पाजलं.

बाईंनी विचारलं, काय खाल्लं, काय प्यायला, काही औषध? माणिकराव पुढं झाले. "मॅडम, तांड्यावरचा हाय. हातभट्टीची सवय असते ह्या लोकायला. शिबिरातून जाऊन घेत असंल." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सांभाळत होतात ना? प्यायचा?"

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मान खाली घातली, आणि तिचा अर्थ बाईंनी हो असा घेतला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर माणिकराव म्हणाले, "वस्ताद, तुमी हट्ट्याला जा आता. मी बघतो."

गेलो नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलोय. दुपारी शिला आणि पारुबाई आल्या. शिलाला कुणीतरी दारूचं सांगितलं असावं. ती थेट माझ्यापुढं उभी राहिली. "मामा, त्यायनं जल्मात कधी थेंब घेतला न्हाई. तुमाला ठावं हाय. तुमी सांगा ना आत जाऊन."

२७ एप्रिल

सकाळी ही वही घेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं उभा राहिलो. म्हणालो, तो पीत नव्हता. काय झालं ते यात आहे, तुम्ही वाचा.

त्यांनी उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मग खाली बसल्या. तेरा तारखेच्या पानावर थांबल्या. "चहासारखी लघवी. हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"आणि मग पुन्हा पळवलंत. गोळ्याही देत राहिलात." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं की पाण्यावाचून आणि उन्हात मांस फुटतं, ते रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड तुंबतं. वर त्या गोळ्या. चार किलो वाढले ते मांस नव्हतं. बाहेर न पडलेलं पाणी होतं. तेच आता छातीत आहे.

मी म्हणालो, "बाई, मी वीस वर्षं बैल पळवले. धापेत पाणी न देता एकही बैल दगावला नाही माझा."

"शंकरपटात बैल किती वेळ पळतो?"

"सात सेकंद. फार तर आठ."

"आणि हा?"

 चार तास. रोजचे चार तास, महिनाभर. इतकं साधं गणित. माझ्या वहीत दोन्ही आकडे होते, बैलांचेही आणि त्याचेही, आणि ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

"त्या तेरा तारखेला आणला असता तर?" मी विचारलं.

"तर बहुतेक सलाईनवर भागलं असतं," त्या म्हणाल्या आणि वही मिटून परत दिली. दारूचा शेरा त्यांनी माझ्यासमोर खोडला. आता यंत्रावर घालून रक्त धुणार आहेत. मूत्रपिंड पुन्हा चालू होईल का, हे महिनाभर कळणार नाही. कदाचित कधीच होणार नाही, असंही म्हणाल्या.

शिलाला मीच सांगितलं, सगळं. मला वाटलं ती ओरडेल, तांड्यावरची माणसं अंगावर घालेल. ती खाली बसली. म्हणाली, "सुदामभावजी घरी आलते. म्हणत व्हते, त्याला घेऊन या वहिनी. मीच म्हटलं, वस्तादायला जास्त कळते."

२९ एप्रिल

दोनदा यंत्रावर घातला. शुद्धीवर आहे. माणसं ओळखतो. माणिकराव आले नाहीत, त्यांच्या मुनीमानं येऊन पिवळा सदरा मागितला, शर्यतीला दुसरा गडी उभा करायचा आहे म्हणून. पारुबाईनं तो घडी करून दिला.

चतुराबाई हट्ट्याहून डबा घेऊन आल्या. मी सांगितलं ते ऐकून घेतलं. त्यांनी मला बोल लावला नाही, शिलाला जेवायला बसवलं. मला कुणीतरी बोलायला हवंय.

१ मे, सोमवार

सकाळपासून खालच्या रस्त्यावर कमानी आणि पताका. अकराच्या सुमारास भोंगा वाजला, लोकांचा गलका झाला. शर्यत पोचली असावी. कोण पहिला आला ते मी विचारलं नाही. देविदासनं खिडकीकडं मान वळवली आणि पुन्हा सरळ केली.

बाईंनी त्याला दिवसभरात अर्धा लिटर पाणी ठरवून दिलंय. चहा, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून. जास्त झालं तर छातीत भरेल. शिला ते स्टीलच्या वाटीनं मोजून देते, भिंतीवर कोळशानं रेघा मारते. दुपारी ती आंघोळीला म्हणून खाली गेली. वाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मामा, संध्याकाळपातूर दोनच उरल्यात. लक्ष ठेवा."

खोली भट्टीसारखी तापलेली. पंखा फिरत होता आणि गरमच वारा टाकत होता. देविदासची जीभ टाळूला चिकटलेली मला त्याच्या बोलण्यात ऐकू येत होती. त्यानं हात हलवून मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता बोलेल. बोल लावेल, शिवी देईल. मी तयार होतो. मला ती हवी होती.

त्यानं माझा हात धरला, ओढून स्वतःच्या बरगडीवर ठेवला आणि म्हणाला, "पाहा बरं वस्ताद. उतरली ना आता? घोटभर देता का?"

धाप उतरली होती. हाताखाली श्वास संथ लागत होता. उशाला माठ भरलेला होता. माझ्या वीस वर्षांच्या नियमानं आता त्याला तांब्याभर पाणी मिळायला हवं होतं, आणि द्यावं असं मला आयुष्यात कधी इतकं वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, "न्हाई रे."

"बराबर," तो म्हणाला. हट्ट केला नाही, कारण विचारलं नाही. डोळे मिटून घेतले आणि कोरड्या तोंडानं आवंढा गिळला.

मी तसाच हात ठेवून बसलो. शिला ओले केस घेऊन वर आली, भिंतीवरच्या रेघा मोजल्या, वाटीत पाहिलं. "मागत व्हते का?"

"मागितलं."

"दिलं न्हाई ना?"

"नाही दिलं."

"बरं केलं मामा," ती म्हणाली, आणि पदराचं टोक ओलं करून त्याच्या ओठांवर फिरवायला लागली.